खायचे नसलेले भोपळे

थंडी पडली की इथं हस्तकलेचं एखादं प्रदर्शन लागतं. यंदा नातीबरोबर गेले होते. एका दुकानात वाळलेल्या भोपळ्यांचे दिवे टांगले होते. बस्तरकडचे कारागीर तापलेल्या सळईने तुंब्यावर नक्षी काढतात, बारीक भोकं पाडतात आणि आत बल्ब सोडतात. मग भिंतीवर पानाफुलांच्या सावल्या पडतात. काम सुरेख होतं. नात म्हणाली, "आजी, एक ले लें क्या? तुझ्या खोलीत छान दिसेल." मी एक तुंबा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि सहज बोलून गेले, "अगं, याला तर भोकं आहेत. हा बुडेल."

दुकानदार हसला. नातही हसली. तिची पिढी घरात आमच्याशी अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी बोलते, पण हे वाक्य तिला दोन्हीतून समजलं नाही. दिवा कशाला बुडेल?

आम्ही दिवा घेतला. आता तो माझ्या खोलीत आहे आणि खरंच छान दिसतो. पण तुंबा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे उजेड येत नाही, पाणी येतं. त्यातून हे पौषाचे दिवस. वेलांची पानं करपतात, मांडव उघडा पडतो आणि इतके दिवस पानांआड लपलेली फळं एकदम दिसायला लागतात. या दिवसांत कुणाच्याही कुंपणावर भोपळा दिसला की मी थांबते. बोटाच्या पेराने एकदा वाजवून पाहावंसं वाटतं. या वयात लोकांच्या कुंपणाशी असे चाळे करू नयेत म्हणून हात आवरते.

आम्ही भिलाईत आलो तेव्हा कारखाना अर्धा उभा होता आणि वसाहत त्याहून कमी. आमचा सेक्टर म्हणजे जमिनीवर आखलेल्या रेघा, त्यातल्या काही रेघांवर घरं. झाड नावाला नव्हतं. घराच्या मागं प्रत्येकाला थोडी मोकळी जागा मिळाली होती. तिथं कुदळ मारली की खालून मुरूम, विटांचे तुकडे आणि वाळलेलं सिमेंट निघायचं. आईने त्या जागेकडे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती फक्त "हं" म्हणाली. ती भंडाऱ्याकडची, धानाच्या मुलखातली. काळी ओली माती पाहत वाढलेली.

माझे बाबा खलाशी होते. इथल्या कारखान्याच्या भाषेत खलाशी म्हणजे जड लोखंड दोरांनी, साखळ्यांनी वर चढवणारा माणूस. समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. तुळया उंच नेऊन बसवायच्या, त्यांच्यावरून चालत जायचं, वर बसून जेवायचं सुद्धा. गावाकडे रेडे हाकणारा माणूस दोन-तीन वर्षांत आभाळात चालायला शिकला, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटायचं. गावाहून पत्र आलं की ते उत्तरात हमखास लिहायचे, मी खलाशी झालो. आणि गावातल्या म्हाताऱ्यांना वाटायचं, पोरगा जहाजावर लागला.

आमच्या ओळीत सगळ्या मुलखांची माणसं होती. शेजारी केरळकडचं कुटुंब होतं. त्या घरच्या बाईंचं नाव अम्मिणी. त्यांना मराठी येत नव्हती आणि आईला मल्याळम येत नव्हती. दोघींची हिंदी सारखीच मोडकी होती, त्यामुळे एकमेकींना बरोबर कळायची. त्यांचा मुलगा राजन माझ्याहून थोडा लहान, माझ्या भावाच्या, मधूच्या बरोबरीचा. अम्मिणींनी कुंपणाला पडवळ लावलं होतं. फळ सरळ वाढावं म्हणून त्या प्रत्येक पडवळाच्या टोकाला दोऱ्याने दगड बांधायच्या. वारा आला की ते दगड एकमेकांवर आपटायचे. समोरच्या पंजाब्यांकडे टिंडे, पलीकडच्या बंगाल्यांकडे परवल. आईने कर्टुल्यांचे कंद गावाहून आणून लावले होते, त्याला इथली माणसं खेखसी म्हणत. ज्याने त्याने आपापल्या गावाचं कुंपण इथं आणून रोवलं होतं. त्यात नवल नव्हतं. पावर हाउस भागातल्या बाजाराला जायचं म्हणजे अर्धा दिवस जायचा, आणि तिथं मिळायचं ते बटाटे-कांदेच.

त्या वर्षीचा पाऊस सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. घरांसाठी विटा पाडायला आणि रस्त्यांसाठी मुरूम काढायला आमच्या ओळीच्या मागं जागोजागी जमीन खणलेली होती. काम पुढं सरकलं की खड्डा मागं राहायचा. आम्ही त्याला खदान म्हणायचो. पावसाने खदानी भरल्या. पाणी लाल, चहासारखं. तळ दिसायचा नाही. आम्हा पोरांना अर्थातच त्याहून चांगली जागा माहीत नव्हती.

एका रविवारी पोरांना कुठूनतरी सेंट्रिंगची फळी सापडली. ती पाण्यात सोडून तिच्यावर एकेकाने बसायचं आणि दुसऱ्याने काठीने ढकलायचं, असा खेळ चालला होता. राजन बसला. फळी थोडी आत गेली आणि उलटली. तो पुन्हा वर आला तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. बुडणाऱ्याचा आवाज होत नाही हे मला त्या दिवशी कळलं. आवाज काठावरच्यांचा होतो. आम्ही ओरडलो, माणसं धावली. गवंडी होते, ओळीतले दोन-तीन बापे होते. कुणी दोर आणायला पळालं, कुणी बांबू. कुणी म्हणत होतं हात दे, हात दे. हात द्यायला तो वर दिसतच नव्हता.

आई कुंपणासाठी काटक्या गोळा करत तिकडेच कुठं होती. ती आली, मोळी खाली टाकली, लुगड्याचा ओचा घट्ट खोचला आणि पाण्यात शिरली. शिरली म्हणजे उडी नाही मारली. चालत गेली, चालत गेली आणि मग पाय टेकेनासे झाल्यावर आडवी झाली. मधू रडायला लागला. मला वाटलं, आता आईही गेली. ती खाली गेली तेव्हा पाण्यावर फक्त तिचा पदर राहिला. मग तो पदरही दिसेनासा झाला.

ती वर आली तेव्हा तिच्या मुठीत राजनचे केस होते. त्याला उताणा धरून, एका हाताने पाणी सारत, ती अगदी सावकाश काठाला आली. त्याला पालथा घातला, पाठ दाबली. त्याच्या नाकातोंडातून लाल पाणी निघालं आणि मग तो रडला. अम्मिणी धावत आल्या, त्यांनी मुलाला उचललं, कुणाकडेही न बघता घरी नेलं आणि दार लावून घेतलं.

आईने लुगडं पिळलं, काटक्यांची मोळी उचलली आणि आम्हाला म्हणाली, "चला घरी."

संध्याकाळी बाबा घरी आले. नाक्यावरच्या टपरीवर त्यांना सगळी हकिकत कळली होती. लोकांनी कौतुक केलं असेल, पण बरोबर थट्टाही केली होती. तुझी बायको मासोळी आहे का रे, असं कुणीतरी म्हणालं होतं. जेवणं झाली. आई भांडी आवरत होती.

"तुले पोहता येते," बाबा म्हणाले.

"येते न."

"मले कावून नाही सांगितलं?"

"तुमी विचारलं कुठं?"

बाबा उठून आपलं अंथरूण घालायला लागले. त्यांच्या लग्नाला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील. इतक्या वर्षांत आपल्या बायकोची एवढी मोठी गोष्ट आपल्याला माहीत नव्हती, हे त्यांना लागलं असावं. आता वाटतं, थट्टेपेक्षा तेच जास्त लागलं.

आईच्या माहेरी घरामागं तलाव होता. आमच्या त्या भागात गावागावाला तलाव आहेत, जुने, मालगुजारीच्या काळाच्या आधीचे. ती सांगायची, पोर चालायला लागलं की घरची माणसं त्याच्या पाठीला वाळलेले तुंबे बांधून पाण्यात सोडत. "आमच्याकडे पाळण्याच्या मांगून तुंबाच," असं ती म्हणे. त्यात मुलगा-मुलगी नव्हतं. लग्न होऊन ती सासरी आली, तिथं तलाव नव्हता, विहीर होती. विहिरीत बायका पोहत नाहीत. मग तो विषय बंदच पडला.

खदान प्रकरणानंतर तिने गावाकडे निरोप धाडला. दुर्गहून पॅसेंजरने जाणारी-येणारी आमच्याकडची माणसं पुष्कळ असत. पंधरवड्यात मामा आला, नोकरीचं पाहायला म्हणून, आणि येताना पंच्याच्या गाठीत बिया घेऊन आला. चपट्या, करड्या, कडेला दोन शिंगं असल्यासारख्या. कडू भोपळ्याच्या. आईने कर्टुली एका बाजूला सारली, दोडक्याची जागा निम्मी केली, आणि उरलेल्या सगळ्या जागेत खड्डे करून त्यात शेणखत भरलं.

शेण तिजियाचं. तिजिया आमच्याकडे दूध घालायची. तिचं गाव सेक्टरला लागूनच होतं. म्हणजे सेक्टरच तिच्या गावाला लागून आला होता. तिच्या घरची निम्मी शेती वसाहतीत गेली होती. ती हे सांगायची तेव्हा बोटाने दाखवायची, त्या टाकीपासून त्या खांबापर्यंत. रागाने नाही, रस्ता दाखवावा तसं. तिने वेल ओळखला आणि डोक्यावरची दुधाची चरवी खाली ठेवून विचारलं, "ये तो करू तुमा आय बाई. येला कोनो नइ खाय. काबर लगाय हस?" हा तर कडू भोपळा, याला कुणी खात नाही, कशाला लावलास?

"लेकराइले तैरना सिखाना है," आई म्हणाली. तिच्या हिंदीत असंच असायचं.

तिजियाने चरवी पुन्हा डोक्यावर घेतली. मग म्हणाली, "त हमर तरिया मा ले आनबे." आमच्या तलावात घेऊन ये.

इतक्या सरळपणे ते ठरलं. बाबांशी ठरायला मात्र वेळ लागला. त्यांना आधी जागेचं दुःख. बाजारात भाजी मिळत नाही, घरामागं हातभर जागा, आणि बायको त्यात न खायचे भोपळे लावते. "वाल लाव, दोडकी लाव. हे काय लावून राहिली?" मग पोहण्याचं कळलं तेव्हा ते म्हणाले, "मधूले शिकव. शकूले कायले? पोरीची जात. पाण्यात उतरवशील, लोक काय म्हणतील?" शकू म्हणजे मी.

आई तेव्हा मांडवाला सुतळी बांधत होती. तिने गाठ पुरी केली. मग म्हणाली, "लोक काठावरच होते जी त्या दिवशी. मी पाहिले न. सारे होते."

बाबा म्हणाले, "मी हो म्हणत नाही."

"नाही बी नका म्हणू."

त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांच्या बाजूने ती मोठीच गोष्ट होती.

कडू भोपळ्याचा वेल गोड भोपळ्यासारखाच दिसतो. फुलं पांढरी, संध्याकाळी उमलतात. दिवस मावळायला लागला की मांडवावर कुणी कागदाचे बोळे फेकल्यासारखं दिसायचं. मग पाकोळ्या यायच्या. आई खाटेवर चढून नराचं फूल खुडायची आणि ज्या फुलामागं इवलासा भोपळा असेल त्यावर हलकेच फिरवायची. पाकोळ्यांच्या भरवशावर राहायला तिला वेळ नव्हता. फळ मुठीएवढं झालं की जुन्या धोतराची पट्टी त्याच्या मध्यावर गुंडाळायची. पट्टीच्या वर आणि खाली फळ फुगत जायचं, मध्ये कंबर राहायची. दोर त्या कंबरेत बसतो, घसरत नाही. जे भोपळे जमिनीला टेकत होते त्यांच्याखाली तिने वाळकं गवत सारलं. जे वर लोंबत होते त्यांना दोरीची शिंकी केली. आमच्या घरामागं धोतर नेसलेले हिरवे भोपळे शिंक्यांत बसलेले आहेत, हे बघायला सेक्टरमधली माणसं सहज म्हणून आमच्या मागच्या वाटेने जायला लागली.

त्यातल्या कुणीतरी एक भोपळा तोडलाही. सकाळी आईला शिंकं रिकामं दिसलं. दुपारी ओळीच्या टोकाला, कचऱ्याच्या ढिगावर, चण्याची डाळ घालून केलेली भोपळ्याची भाजी पातेलंभर पडलेली होती. कावळासुद्धा तिला शिवत नव्हता. आईने ती पाहिली, ढिगाच्या शेजारच्या घराचं दार पाहिलं आणि परत आली. "विचारलं असतं तं सांगितलं असतं," एवढंच म्हणाली. तिला चोरीचं वाईट वाटलं नाही. कंबर चांगली बसली होती त्या भोपळ्याची, याचं वाटलं.

या सगळ्या दिवसांत अम्मिणी आमच्याशी बोलत नव्हत्या. आता कळतं, ज्या बाईने आपला मुलगा पाण्यातून काढला तिच्यासमोर रोज उभं राहणं सोपं नसतं. काय बोलायचं? एकदा आभार मानले तर रोज मानावे लागतील. पण तेव्हा मला त्यांचा राग यायचा. राजन बाहेर खेळायला येत नव्हता. मधू सांगायचा, तो बादलीतल्या पाण्यानेसुद्धा आंघोळ करत नाही. अम्मिणी ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसतात.

माणसं बोलत नव्हती तरी वेल आपल्या चालीने चालले होते. अम्मिणींचं पडवळ तारेच्या कुंपणावरून आमच्या मांडवावर आलं. आईने ते तोडलं नाही. भाद्रपदात त्याला आमच्या बाजूला एक लांबलचक फळ धरलं. आईने त्याला दगड बांधला. फळ तयार झालं तेव्हा ते काढून तिने कुंपणाच्या खांबावर, अम्मिणींच्या बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या बाजूला होतं. आईने ते पुन्हा तिकडे ठेवलं. संध्याकाळी त्याचे बरोबर दोन तुकडे झालेले होते, एक तुकडा आमच्याकडे. आईने त्याची भाजी केली. आम्हाला ती फारशी आवडली नाही, पण आईने ती पानात टाकू दिली नाही.

दिवाळीनंतर वेल पिवळे पडले. आईने फळांना हात लावला नाही. पौषात ती एकेक भोपळा पेराने वाजवायची. हिरवा असताना आवाज बद्द येतो. वाळला की पोकळ, आणि हलवला की आत बिया खुळखुळतात. नख रुतत नाही. मग देठासकट कापून घराच्या छपरावर ठेवायचे. सालीवर काळी बुरशी चढते आणि उग्र वास येतो. बाबा नाक मुरडून आत जायचे. आम्ही पोरं नारळाच्या करवंटीने ती साल खरवडायचो. खालून पिवळसर, हाडासारखं कवच निघायचं. काही कुजले, एक-दोन उन्हाने तडकले. जे राहिले ते आईने बांधकामाच्या टाक्यात एकेक करून दाबून पाहिले. दाबलेला हात काढला की तुंबा उसळून वर यायचा, टण्णकन. मधूला तो खेळ इतका आवडला की आईला तुंबे लपवून ठेवावे लागले.

होळीनंतर, पाणी जरा तापल्यावर, तिजियाच्या गावच्या तलावावर आम्ही गेलो. बायकांचा घाट वेगळा होता, चिंचेच्या आड. तिजियाने गावातल्या बायकांना आधीच सांगून ठेवलं होतं. क्वार्टरवाली बाई कशी पोहते हे बघायला त्या काठावर धुणं घेऊन बसल्या होत्या. मी मधूचा सदरा आणि चड्डी घातली होती. आईने माझ्या पाठीवर तुंबे ठेवले, काखेतून दोर घेतला, छातीवर गाठ मारली. दोर काचत होता. पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा मी तिचा दंड धरला.

"पाण्याशी भांडू नको," ती म्हणाली. "त्याले बाजूले सार. दार लोटते तसं."

मी आडवी झाले. नाकात पाणी गेलं, खोकला आला, पाय खाली शोधायला गेले आणि तळ लागला नाही. पण मी बुडले नाही. पाठीवर कुणीतरी मला धरून होतं, वर ओढत होतं, आणि आईचे दोन्ही हात तर माझ्यासमोर होते. ते जे पहिलं क्षणभर कळणं असतं, की आपण खाली जात नाही, त्याच्यासारखं काही मला पुढं फारसं मिळालं नाही. शिक्षण झालं, नोकरी झाली, लग्न, मुलं, सगळं यथास्थित झालं. पण ते पाठीवरचं उसळणं वेगळंच.

आठवडाभरात ओळीतली आणखी पोरं यायला लागली. सुरुवातीला मुलगेच. मग पंजाब्यांच्या मुली आल्या. मुलींना पाठवताना त्यांच्या आईने आमच्या आईला काही बजावलं, ते आईला कळलं नाही, पण तिने मान हलवली. तुंबे मोजकेच, त्यामुळे पाळी लागायची. आई पाण्यात उभी राहून एकेकाला हाक मारायची. तलावातल्या पाण्यात तिचा आवाज वेगळा यायचा, घरातल्यापेक्षा मोठा. घरी ती असं कधी बोलत नसे.

एका दुपारी अम्मिणी आल्या. राजनचा हात धरून त्या घाटाच्या वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या. बराच वेळ. आईने त्यांना पाहिलं आणि बोलावलं नाही. ती आपली पोरांना शिकवत राहिली. शेवटी अम्मिणीच एक पायरी उतरल्या आणि म्हणाल्या, "ये नहीं आता. बहुत डरता."

"डरने दो," आई म्हणाली. "तुम आव."

अम्मिणी पहिल्यांदा मागं बघू लागल्या, दुसऱ्याच कुणाला म्हटलं असावं तसं. त्या डोंगरातल्या गावच्या होत्या. पोहणं त्यांनाही येत नव्हतं. मग त्यांनी राजनचा हात माझ्या हातात दिला, चपला काढून नीट जोडीने ठेवल्या, आणि साडीसकट पाण्यात उतरल्या. आईने त्यांच्या पाठीला तुंबे बांधले. दोघी खोल पाण्याकडे गेल्या. अम्मिणी डोळे गच्च मिटून काहीतरी पुटपुटत होत्या; त्यांचे हात वेडेवाकडे चालले होते. पण त्या तरंगत होत्या. राजन माझ्या हातात होता. आधी तो मला मागं ओढत होता. मग त्याच्या आईच्या नाकात पाणी गेलं, तिला मोठी शिंक आली, आणि तो हसला. मी त्याला कितीतरी महिन्यांनी हसताना पाहिलं.

त्या दिवशी तो पाण्यात उतरला नाही. पायरीवर बसून त्याने पाय सोडले. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत. पुढं तो आमच्यात सगळ्यांत चांगला पोहणारा निघाला, असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही. तो बेताचंच पोहायला शिकला, मान ताठ ठेवून. एवढं पुरेसं होतं. पुढच्या पावसाळ्यात खदानी भरल्या तेव्हा आमच्या ओळीतल्या कुठल्याही घरात पोरांना कोंडून ठेवावं लागलं नाही. नंतर त्या बुजवल्या गेल्या आणि त्यांच्यावर घरं आली. आज तिथं कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

अम्मिणींनी आभार कधी मानले नाहीत. बदली होऊन गेल्या त्या दिवशी त्यांनी आईला पडवळाच्या बिया दिल्या आणि कानात काहीतरी सांगितलं. मी विचारलं तर आई म्हणाली, "तिच्या भाषेत बोलली. मले काय समजते?" पण तिचे डोळे भरलेले होते.

बाबा त्या पहिल्या उन्हाळ्यात तलावावर आले नाहीत. घरी आम्ही ओल्या केसांनी आलो की ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. पुन्हा पाऊस आला तेव्हा आईने त्याच बिया पुन्हा लावल्या, आणि या खेपेला मांडवाचे खांब बाबांनी रोवले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. भोपळे मोठे झाले. दुसऱ्या उन्हाळ्यात, एका सुटीच्या दिवशी, सगळी पोरं घरी गेल्यावर ते सायकल ढकलत तलावाच्या पुरुषांच्या घाटावर आले. मी आणि मधू आईबरोबर अजून पाण्यातच होतो. त्यांनी सदरा काढला, धोतर वर खोचलं आणि पायरीवर उभे राहिले.

"मले जमंल का?" त्यांनी विचारलं.

आई पोहत त्या बाजूला गेली. सगळ्यांत मोठे दोन तुंबे तिने त्यांच्या पाठीला बांधले. दोर पुरेना, तिने स्वतःच्या पदराची गाठ मारली. बाबा रोज जमिनीपासून कितीतरी उंच, वीतभर रुंद लोखंडावरून चालत जायचे. छातीइतक्या पाण्यात उतरताना मात्र ते एकेक पाऊल चाचपून टाकत होते. आईने त्यांना आडवं केलं. त्यांनी तिचं मनगट धरलं, इतकं घट्ट की तिच्या बांगड्या रुतल्या असतील.

"आता सोडा," ती म्हणाली.

"सोडतो. थांब जराशी."

ती थांबली. तिला काही घाई नव्हती.